पक्षाचा खजिनदार
(जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गावी नागपूरचा रस्ता, हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाणारा रस्ता, नंदोरी-वरोऱ्यावरून चांद्याकडे (आजच्या चंद्रपूरकडे) वळणारा रस्ता आणि वर्ध्याची वाट या सर्वांची गाठ पडते, त्या तुमच्या गावाला राजकीय पक्षांची वर्दळ नवी नाही. निवडणुकीच्या दिवसांत या चौरस्त्यावर ज्या मोटारी क्षणभर थांबतात, त्यांतील पुढच्या आसनावर बसलेला पुढारी कोण हे आपण लांबून ओळखतो. परंतु मागच्या बाकावर पत्रकांचे गठ्ठे, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि पावतीपुस्तके मांडीशी धरून जो मनुष्य बसलेला असतो, ज्याच्या खिशात दिवसभराच्या खर्चाचा कागद असतो आणि ज्याला रात्री त्या कागदाचा मेळ घातल्यावाचून झोप येत नाही, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या व्याख्यानमालेसाठी विषय सुचवावा अशी आज्ञा झाली तेव्हा या मागच्या बाकावरच्या माणसावर बोलावे असे मनात आले. आणि त्यासाठी जे उदाहरण मी निवडले आहे ते प्रथमदर्शनी विपरीत वाटेल, कारण तो मनुष्य दरिद्री स्वयंसेवक नव्हता. तो याच जिल्ह्यातला एक धनाढ्य सावकार, कापसाचा व्यापारी आणि मालगुजार होता. तथापि दोन दशके त्याने ज्या पक्षाची सेवा केली, तेथे त्याच्या वाट्याला आलेले काम मुख्यतः मागच्या बाकावरचेच होते. मी शेठ जमनालाल बजाज यांच्याविषयी बोलत आहे.

जमनालालजींविषयी बोलताना त्यांच्या दानाची यादी वाचण्याचा एक प्रघात पडून गेला आहे. तो मी पाळणार नाही. दान हा श्रीमंतांचा जुना आचार आहे. धर्मशाळा, घाट, अन्नछत्रे आणि मंदिरे यांनी आपला देश भरलेला आहे, आणि त्यांच्या दगडांवर दात्यांची नावेही ठळक आहेत. जमनालालजींचे वैशिष्ट्य मला निराळ्या ठिकाणी दिसते. सार्वजनिक पैसा हाताळणे हेच एक व्रत आहे, आणि पूर्ण वेळ राष्ट्रकार्य करणाऱ्या गरीब माणसाच्या चुलीची चिंता करणे हे पक्षाच्या कारभाराचे पहिले कलम आहे, ही दृष्टी त्या काळच्या राजकारणात त्यांच्याइतक्या सातत्याने दुसऱ्या कोणी बाळगल्याचे मला आढळलेले नाही. काँग्रेसचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अध्यक्षांच्या नामावळी, त्यांची भाषणे आणि ठरावांचे मसुदे मोठ्या आस्थेने जतन केले. खजिनदाराच्या वाट्याला त्या ग्रंथांतून येतात त्या बहुधा तळटिपा.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळ काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांचा मुलगा निवर्तलेला होता. त्या मुलाच्या नावे नातू म्हणून त्यांनी या पाच वर्षांच्या बालकाला दत्तक घेतले. मुलाच्या मोबदल्यात आईबापांनी स्वतःकरिता काही न घेता गावासाठी एक विहीर मागितली, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. वाळवंटाच्या कडेच्या गावात विहिरीचे मोल काय असते हे कळण्यासाठी चरित्रकारांची गरज नाही. ज्या वर्ध्यात हा मुलगा आला, ते शहरही तेव्हा तसे कोवळेच होते. नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा स्वतंत्र झाला तो १८६२ मध्ये, आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी शहराची आखणी झाली ती त्यानंतर चार वर्षांनी. रेल्वे आली, हिंगणघाटच्या कापसाने विलायतेच्या गिरण्यांत नाव मिळवले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि त्या कापसामागोमाग मारवाडातून व्यापाऱ्यांची घराणी या प्रांतात स्थिरावली. बच्छराजांची पेढी ही त्यांपैकीच एक होय. मुलाचे शिक्षण वर्ध्याच्या शाळेत चार-पाच इयत्तांपलीकडे गेले नाही. पुढचे सर्व शिक्षण पेढीवर, म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी यांच्या सान्निध्यात झाले. १९०२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला.

येथे दोन प्रसंग सांगितले पाहिजेत, कारण पुढच्या सर्व आयुष्याची गुरुकिल्ली त्यांत आहे. पहिला प्रसंग लोकमान्यांच्या हिंदी ‘केसरी’चा. ते पत्र नागपुरास काढण्याची खटपट चालू होती आणि त्यासाठी वर्गणीचे आवाहन झाले, तेव्हा या सतरा वर्षांच्या मुलाने शंभर रुपये पाठवले. ते पेढीच्या तिजोरीतले नव्हते. घरून रोज हातखर्चास एक रुपया मिळे, तो साठवून केलेले होते. पुढे लाखांच्या देणग्या देऊनही, या शंभर रुपयांनी जो आनंद झाला तो त्या देणग्यांनी झाला नाही, अशा अर्थाचे ते सांगत असत. देणगीचे मोजमाप देणाऱ्याच्या शिलकेशी लावून पाहण्याची ही सवय त्यांना तेव्हापासूनच होती.

दुसरा प्रसंग त्यानंतर लवकरच घडला. एका लग्नसमारंभास जाताना अंगावर दागिने घालण्यावरून आजोबा आणि नातू यांची खटकली. संतापी म्हाताऱ्याने संपत्तीचा उल्लेख करून जिव्हारी लागेल असे काही बोलून टाकले. आणि नातवाने पत्र लिहून, आपला या मालमत्तेवर काडीइतकाही हक्क नाही व पुढेही राहणार नाही, असे कळवून अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडले. बच्छराजांनी माणसे धाडून त्याला परत आणले, समजूत पटली, आणि १९०७ मध्ये आजोबा निवर्तल्यावर पेढी या नातवाच्याच हाती आली. परंतु ज्या संपत्तीवरचा हक्क एकदा लेखी सोडलेला आहे ती पुन्हा हाती आली, तर ती आपली म्हणून कशी वापरावी, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नसावा, असे मला वाटते. गांधीजींनी पुढे विश्वस्तवृत्तीचा जो विचार मांडला, त्याला या गृहस्थाच्या मनात आधीच जागा तयार होती. आणि धनिकांनी विश्वस्त व्हावे असे लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे मुख्यतः हा व्यापारीच असे, अशी कबुली गांधीजींनीही त्यांच्या मृत्यूनंतर दिली.

सरकारदरबारी त्यांचा मान मोठा होता. ऐन विशीत ते ऑनररी मॅजिस्ट्रेट झाले, महायुद्धाच्या काळात रायबहादूर झाले, आणि असहकाराची हाक आली तेव्हा दोन्ही गोष्टींचा त्यांनी त्याग केला. यावर अधिक बोलण्यासारखे नाही. पदवी परत करणारे त्या वेळी पुष्कळ होते. पदवी परत केल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचे हे ठाऊक असणारे फार थोडे होते.

जमनालालजींना ते ठाऊक होते, कारण त्यांच्यावर नागपूरच्या काँग्रेसची जबाबदारी येऊन पडली. डिसेंबर १९२० चे ते अधिवेशन काँग्रेसच्या जीवनातील एक वळण मानले जाते. विजयराघवाचार्य अध्यक्ष होते. असहकाराचा ठराव तेथे कायम झाला. नवी घटना मंजूर झाली. भाषावार प्रांतिक समित्या ठरल्या. चार आण्यांत कोणाही प्रौढ स्त्रीपुरुषास सभासद होण्याची मुभा मिळाली. हे सारे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पुस्तकांत सहसा नसते ते असे की, चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी त्या अधिवेशनास आले होते, आणि थंडीच्या दिवसांत त्यांच्या निवाऱ्याची, पाण्याची, भोजनाची, शौचकूपांची आणि दिव्यांची व्यवस्था स्वागतसमितीला लावायची होती. त्या समितीचे अध्यक्ष एकतीस वर्षांचे जमनालालजी होते. याच नागपुरात त्यांनी गांधीजींजवळ एक विलक्षण याचना केली: मला आपला पाचवा पुत्र माना. ज्याला बालपणी विचारल्यावाचून दत्तक दिले गेले होते, त्याने प्रौढपणी आपण होऊन दुसऱ्यांदा दत्तक जावे, यात नियतीचा काही गमतीदार हिशेब आहे खरा. गांधीजींनी ती मान्य केली आणि पुढे पाळलीही; १९२२ च्या मार्चमध्ये साबरमतीच्या तुरुंगातून त्यांनी या पुत्राला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे.

नागपूरनंतर खजिनदारी त्यांच्याकडे आली, आणि ती येताच तिची परीक्षा सुरू झाली. १९२१ च्या वसंतात बेजवाड्यास (आजच्या विजयवाड्यास) काँग्रेसच्या महासमितीने ठरवले की, ३० जूनच्या आत टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये जमवावेत, एक कोट सभासद नोंदवावेत आणि वीस लक्ष चरखे चालू करावेत. सभासद आणि चरखे यांचे काय झाले ते बाजूला ठेवू. एक कोट रुपये मात्र जमले. ज्या संस्थेचा कारभार तोवर वकिलांच्या सुटीतल्या सवडीने चालत असे, तिच्या हाती एकाएकी एवढी रक्कम यावी, ती रुपये-आणे-पैच्या रूपाने, बायकांच्या बांगड्या आणि पाटल्यांच्या रूपाने, गावोगावच्या लहान समित्यांच्या हातून यावी, आणि मग तिचा हिशेब मागण्याची पाळी यावी, हा अनुभव देशाला नवा होता. या निधीच्या विनियोगाविषयी वृत्तपत्रांतून शंका निघाल्या, टीका झाली, आणि ती सर्वस्वी अकारण होती असेही म्हणता येणार नाही. उत्साहाने पैसा गोळा करणारा कार्यकर्ता पावती फाडताना जितका तत्पर असतो तितका जमाखर्च पाठवताना राहत नाही, हा अनुभव तेव्हाचा आणि आजचाही आहे. अशा वेळी मध्यवर्ती खजिना ज्याच्या हाती असतो त्याला दोन गुण लागतात. त्याची स्वतःची दानत संशयातीत असावी लागते, आणि मित्राकडे हिशेब मागण्याचा निष्ठुरपणा त्याच्या अंगी असावा लागतो. दुसरा गुण पहिल्यापेक्षा दुर्मिळ आहे, आणि पेढीवर वाढलेल्या माणसाला तो उपजत लाभतो. पेढीवर भाऊ आला तरी त्याचे खाते निराळेच उघडतात.

त्याच वर्षी त्यांनी स्वतःचे एक लक्ष रुपये काँग्रेसला दिले, आणि ते कशासाठी दिले हे पाहण्यासारखे आहे. असहकारात ज्या वकिलांनी वकिली सोडली त्यांच्या कुटुंबांच्या निर्वाहासाठी ती रक्कम होती. वकिली सोडा, शाळा सोडा, नोकरी सोडा, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे होते, आणि सांगणारे स्वतः सोडूनही देत होते. परंतु तालुक्याच्या गावी कोर्टात बसणारा, घरी म्हातारी आई आणि चार लेकरे असणारा मध्यम वकील सनद परत करून घरी आला म्हणजे पहिल्या तारखेला दुकानदाराची उधारी कशी भागवणार, याचा विचार व्यासपीठावर होत नसे. तो वर्ध्याच्या पेढीवर झाला. त्यांचे निकटचे सहकारी श्रीकृष्णदास जाजू हे स्वतः वर्ध्यात वकिली करीत होते आणि त्यांनी ती सोडली, तेव्हा ही अडचण जमनालालजींनी घराशेजारीच पाहिली असणार.

हाच विचार १९२३ मध्ये गांधी सेवा संघाच्या रूपाने संस्थेच्या पायरीवर आला. रचनात्मक कार्याला ज्यांनी सर्व वेळ वाहिला आहे त्यांना निर्वाहापुरते वेतन द्यावे, म्हणजे ते चाकरीच्या शोधात भटकणार नाहीत आणि दात्याच्या ओट्यावर हात पसरून उभेही राहणार नाहीत, हा त्या संघाचा मूळ हेतू. जमनालालजी त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे किशोरलाल मशरूवाला यांनी ती धुरा वाहिली. १९३६ मध्ये संघाचे वार्षिक संमेलन भरले ते याच तुमच्या चौरस्त्यावरून फुटणाऱ्या वाटेवर, चांदा जिल्ह्यातील सावली या खादीच्या केंद्रात. या संघाचा इतिहास सरळ नाही. पक्षाच्या राजकारणात संघाच्या सभासदांनी पडावे की पडू नये, यावरून मतभेद वाढत गेले. संघ म्हणजे काँग्रेसच्या आत काँग्रेस, असा आरोप होऊ लागला. आणि १९४० मध्ये बंगालमधील मालिकांद्याच्या संमेलनात गांधीजींनीच त्याचे राजकीय अंग छाटून टाकायला लावले. आरोपात तथ्य होते, असे माझे मत आहे. जो संघ कार्यकर्त्याचा निर्वाह चालवतो त्याच्या हाती त्या कार्यकर्त्याचे मतही हळूहळू जाते, मग संघाची इच्छा तशी असो वा नसो. परंतु ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून तो निघाला होता तो प्रश्न संघाबरोबर मिटला नाही. पक्षाचे काम करणाऱ्या गरीब माणसाने खावे काय? त्याला पक्षाने पोसावे, की ठेकेदाराने, की त्याच्या बायकोच्या शिवणयंत्राने? या तीन उत्तरांपैकी आपण गेल्या काही दशकांत कोणते पत्करले, हे या सभागृहातील कार्यकर्त्यांना मी सांगावे असे नाही.

आता झेंडा-सत्याग्रहाकडे वळतो, कारण नागपूर-वर्ध्याच्या माणसाला त्याचा अभिमान वाटला तर तो साजण्यासारखा आहे. जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगी झेंडा लावण्यावरून तंटा सुरू झाला, आणि १ मे १९२३ पासून नागपूर हे त्याचे मुख्य ठाणे झाले. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या हद्दीत जाण्यास बंदी होती; रोज एक तुकडी निघे, हद्दीवर अडवली जाई, पकडली जाई; दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तयार असे. एवढे साधे ते तंत्र होते, आणि त्याचे सारे बळ दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी खरोखरच तयार असण्यात होते. प्रांतोप्रांतींहून येणाऱ्या स्वयंसेवकांना उतरवून घेणे, त्यांना शिस्त लावणे, कोण कोणत्या दिवशी जाणार त्याची नोंद ठेवणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची खबर घेणे, हे सर्व जमनालालजींच्या देखरेखीखाली चालले. जूनच्या मध्यास त्यांनाच अटक झाली. १८ महिन्यांची शिक्षा आणि ३,००० रुपये दंड सुनावण्यात आला. दंड भरायचा नव्हताच. तेव्हा सरकारने त्यांची मोटारगाडी जप्त केली आणि नागपुरात तिचा लिलाव पुकारला. परंतु बोली बोलायला एक माणूस पुढे येईना. ज्या शहरात मोटार ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू होती, आणि स्वस्तात मिळणारी अपूर्वाईची वस्तू सोडणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव नव्हे, तेथे हे घडले. अखेर ती गाडी विक्रीसाठी काठेवाडात न्यावी लागली. त्यांच्यामागे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, दीड हजारांहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले, आणि १८ ऑगस्टला झेंडा घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार गेली. त्या दीड हजारांत महाराष्ट्राबरोबर गुजरात, बिहार, तामिळनाड अशा दूरदूरच्या प्रांतांतील माणसे होती. त्यांतील बहुतेकांची नावे आज तुरुंगाच्या दप्तरांवाचून कोठेही आढळायची नाहीत.

या लढ्यानंतर त्यांची कीर्ती देशभर झाली. पण कीर्तीचे रूपांतर पदात करण्याची घाई त्यांनी केली नाही. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला, तेथेही ते खजिनदारच झाले. जणू खजिना दिसला की माणसे आपोआप त्यांच्याकडे पाहत. १९२८ च्या जुलैमध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर, जे त्यांच्याच घराण्याने बांधलेले होते, त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. इतके मोठे मंदिर अशा रीतीने खुले होण्याची उदाहरणे तोवर जवळजवळ नव्हतीच. येथे मात्र हिशेबाची वाट उपयोगी पडणारी नव्हती. जातभाईंचा रोष, नातेवाइकांचा अबोला आणि घराण्यातील वडीलधाऱ्यांची नाराजी यांचे मोल कोणत्याही वहीत धरता येत नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याची छावणी त्यांच्या नेतृत्वाखाली चालली आणि त्यांना पुन्हा कारावास झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली तेव्हा श्रोत्यांत ते होते. विनोबांना १९२१ मध्ये साबरमतीहून वर्ध्यास आणण्याची खटपट त्यांचीच होती. आणि महाराष्ट्र त्यांचे अन्य सर्व उपकार विसरला तरी हा एक त्याला विसरता येणार नाही.

गांधीजी स्वतः वर्ध्यास आले ते त्यानंतर. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्यासाठी जमनालालजींनी आपली बाग आणि इमारत दिली, ती मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास गेले. त्या गावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा बजाजांचा होता. बजाजवाडीत कार्यकारिणीच्या बैठका भरत, आणि नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद यांच्या पंक्ती तेथे बसत. वर्धा ही काही वर्षे या देशाची बिनसरकारी राजधानीच झाली होती, आणि ज्या कोणास गांधींना भेटायचे असे त्याला वर्धा स्टेशनवर उतरून बजाजांच्या पाहुणचारातूनच पुढे जावे लागे.

येथे श्रद्धांजलीचा सूर थोडा बाजूला ठेवला पाहिजे. एका राष्ट्रीय पक्षाची कार्यकारिणी एका व्यापाऱ्याच्या अतिथिगृहात भरते, त्याचा नेता त्या व्यापाऱ्याच्या मालगुजारीच्या गावात राहतो, आणि पक्षाचा खजिना त्याच व्यापाऱ्याच्या हाती असतो, या व्यवस्थेवर समाजवाद्यांनी तेव्हा कठोर टीका केली होती. ती केवळ द्वेषमूलक होती असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कुळांनी सारा भरायचा, मालगुजाराने तो घ्यायचा, आणि मालगुजाराच्या बैठकीत शेतकऱ्यांच्या स्वराज्याचा ठराव व्हायचा, यात विसंगती होतीच. जमनालालजींनी ती विसंगती बोलून दाखवली नाही. परंतु तिची बोचणी त्यांना असावी, असे त्यांच्या उत्तरायुष्याच्या ओढीवरून दिसते. त्यांना कार्यकारिणीतून मोकळे व्हावेसे वाटू लागले, धंद्यातून त्यांनी अंग काढून घेतले, आणि राहणी अधिकाधिक साधी केली. तरीही एक भेद या टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवा होता. पक्षाला पैसा पुरवून त्याच्या मोबदल्यात पक्षाकडून काही मागणारा धनिक आणि पक्षाला पैसा पुरवून वर तुरुंगातही जाणारा धनिक, हे एकाच मापाने मोजता येत नाहीत. जमनालालजींनी सरकारकडून ठेका मागितल्याचे त्यांचे शत्रूही सांगत नाहीत.

जयपूर प्रजामंडळाचे त्यांचे कार्य मी ओझरतेच सांगतो, कारण ते राजस्थानच्या इतिहासात अधिक शोभेल. १९३८ च्या अखेरीस जयपूर दरबाराने आपल्याच संस्थानात जन्मलेल्या या माणसाला राज्यात येण्यास बंदी केली. १९३९ च्या फेब्रुवारीत ती मोडून ते गेले आणि ऑगस्टपर्यंत कैदेत राहिले. पुढे वैयक्तिक सत्याग्रहात नागपूरचा तुरुंग झाला, आणि १९४१ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे सुटका झाली. सुटल्यावर त्यांनी गांधीजींना विचारले की, आता मी कोणते काम करू. आणि गांधीजींनी सुचवलेले गोसेवेचे काम त्यांनी पत्करले. त्याच वर्षी गोसेवा संघ स्थापन झाला. वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून ते राहू लागले. ज्याच्या एका शब्दावर मुंबईच्या बाजारात लाखांची उलाढाल होई, तो आता गाईंचे दूध, चारा आणि जातिवंत वळू यांच्याविषयी तज्ज्ञांशी तासन्‌तास चर्चा करी. आणि हे काम त्याने धार्मिक पुण्याच्या भावनेने हाती घेतले होते तसेच ते व्यवहाराने फायद्यात कसे चालेल याचीही आकडेमोड करीत होता. वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याला या आकडेमोडीचा उपयोग भाषणांपेक्षा अधिक झाला असता. परंतु तिला पुरती पाच महिन्यांची मुदतही मिळाली नाही.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे एकाएकी निधन झाले. वय अवघे बावन्न. जानकीदेवी शोकाच्या पहिल्या आवेगात सती जाण्याची भाषा बोलू लागल्या, तेव्हा गांधीजींनी त्यांना सांगितले की, सती जायचे असेल तर त्यांच्या कामात जा. आणि त्या बाईने आपला वैयक्तिक पैसा त्या कामाच्या हवाली केला. पाच महिन्यांनी, १४ जुलै रोजी, काँग्रेसच्या कार्यकारिणीने ‘छोडो भारत’चा ठराव केला तो वर्ध्यासच. यजमान नव्हता, घर मात्र पूर्वीप्रमाणेच उघडे होते.

जमनालालजींच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत गांधीजींनी त्यांच्या मित्रांची जी बैठक वर्ध्यास बोलावली, तिच्याविषयी सांगून हे व्याख्यान पुरे करतो. शोकसभा त्या काळीही होत असत, आणि पुतळ्याचा विषय निघाला असता तर वर्गणीला वाणही पडली नसती. गांधीजींनी निमंत्रणातच विषय निराळा लावला होता: जमनालालजी जी कामे करीत होते ती पुढे कोण करणार? कामांची यादी समोर ठेवण्यात आली. गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, नयी तालीम, महिलांचे शिक्षण, अस्पृश्यतानिवारण, हिंदुस्थानी प्रचार, संस्थानी प्रजेचे प्रश्न. आलेल्या मंडळींनी कोणते काम उचलता ते सांगावे, अशी अपेक्षा होती. एका माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेची वाटणी होते हे आपण नित्य पाहतो, आणि त्या वाटणीवरून भावाभावांत दिवाणी दावे लागतात हेही पाहतो. येथे एका माणसाच्या कामांची वाटणी होत होती, आणि ती यादी पाहिल्यावरच त्याच्या मित्रांना कळले असेल की एवढी निरनिराळी खाती तो एकटा सांभाळत होता. त्या वाटणीत गोसेवा संघाचे अध्यक्षपद जानकीदेवींकडे आले, आणि पतीच्या मागे सदतीस वर्षे, १९७९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, त्या या आणि भूदानासारख्या कामांत राहिल्या.